इंगळे सरांची पहिली जोड

"सर, भेव लागून राह्यलं," असं एखाद्या पोरानं म्हटलं की आमच्या इंगळे सरांचा चेहरा खुलायचा. मुलगा बोर्डात आल्यावर बापाचा खुलेल, तेवढा. पोराच्या पाठीवर थाप मारून ते म्हणायचे, "शाब्बास! आता तू तयार झाला." आणि जो छाती काढून "मी कोनाले भेत नाही" म्हणायचा, त्याला ते सोयाबीनच्या पोत्यांवर बसवून ठेवायचे. चांगलं महिना-महिना.

डोणगावच्या आमच्या शाळेत ते शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि मी विज्ञान. शिक्षकखोलीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही कितीतरी वर्षं बसलो. बॉक्सिंग म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. लेकरांना एकमेकांच्या तोंडावर मारायला शिकवायचं आणि वर त्याला खेळ म्हणायचं, हे मला पटत नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. पण मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत एक शिक्षिका पाहिजे, असा नियम निघाला. बाकीच्या मॅडमनी आपापल्या अडचणी पटापट सांगून टाकल्या. मी माझी अडचण आठवत होते, तोवर मुख्याध्यापकांनी माझं नाव जाहीरही केलं. अशी मी इंगळे सरांच्या तावडीत सापडले.

दिसायला ते बॉक्सर वगैरे वाटायचे नाहीत. उंची बेताची, पोट जरा सुटलेलं, सकाळी डोक्याला चोपडलेलं तेल दुपारपर्यंत कपाळावर उतरलेलं. पायात चप्पल. खेळाचे बूट होते, पण ते पिशवीत. झिजतील म्हणून घालायचे नाहीत आणि लागतील म्हणून घरी ठेवायचे नाहीत. शिवाय त्यांना जांभया फार यायच्या. एकदा शाळा तपासायला बुलडाण्याहून साहेब आले होते. ते मैदानाविषयी काही विचारत होते आणि इंगळे सर त्यांच्या तोंडावर जांभईमागून जांभई देत होते. साहेब लालबुंद झाले. सगळ्या शाळेला वाटलं, काय हा माणूस! इंगळे सर कंटाळले की बडबड करतात आणि घाबरले की जांभया देतात, हे मला कळायला पुष्कळ दिवस लागले.

त्यांचा बॉक्सिंगचा वर्ग संध्याकाळी एका अडत्याच्या गोदामात भरायचा. चार खांबांना दोर बांधला की झालं रिंगण. मारायची बॅग म्हणजे बारदाना, आत सरकी आणि जुनी लुगडी. पावसाळ्यात ओल धरली की ती अशी कडक व्हायची, की मुलं आधी बोटानं चाचपून बघायची आणि मगच मारायची. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन यायला लागलं की पोत्यांच्या थप्प्या चहूबाजूंनी पुढे सरकायच्या आणि रिंगण आकसत जायचं. धुळीनं सगळे शिंकत असायचे. पोरं कुरकुरायची, "सर, जागाच नाही राह्यली." सर म्हणायचे, "मंग चांगलंच झालं. आता पळून जासान कुठं?"

प्रत्यक्ष खेळायला लावायचं, ज्याला बाकी जग स्पॅरिंग म्हणतं, त्याला ते कुस्तीवाल्यांसारखं 'जोड' म्हणायचे. आणि एखाद्याची पहिली जोड हा त्यांच्या दृष्टीनं मोठा सोहळा होता. त्या दिवशी पोराला ते आधी विचारायचे, काल रात्री काय खाल्लं? मग हुकूम करायचे, जाऊन ये. ते पोर जाऊन आलं की पाच मिनिटांनी, पुन्हा जाऊन ये. "नाही आली सर," म्हटलं तरी, "जाय तं खरं. येते." आणि मग तो प्रश्न. भेव लागते का?

आमच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराचा नितीन नावाचा मुलगा या प्रश्नाला दर वेळी "नाही" म्हणायचा. साहजिकच तो पोत्यांवर. शेवटी त्याचे वडील तडक शिक्षकखोलीत आले.

"सर, माह्या पोराले तुमी काऊन खेळू नाही देऊन राह्यले? कवाचा पोत्यावर बसून हाये तो."

"त्याले भेव नाही लागत ना," सर म्हणाले.

"मंग ते चांगलंच हाये ना!"

"काय चांगलं हाये? ज्याले भेव नाही तो हात वर नाही धरत. हात वर नाही धरला की नाक फुटते. आता नाक तुमच्या पोराचं हाये. माह्यं काय जाते?"

दुकानदारांनी मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी वह्यांत डोकं घातलं.

पुढच्याच आठवड्यात नितीन गोदामात आला तो तोंड पाडून. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मले कसंतरीच होऊन राह्यलं. घरी जाऊ का?"

"कुठं होऊन राह्यलं? पोटात का पायात?"

"दोन्हीत."

सर उठले, खुंटीवरचे ग्लोव्ह काढले आणि त्याच्यासमोर धरले. "घाल. आज तुही जोड."

भीतीनं हातपाय गार का पडतात, हे मी एकदा त्यांना समजावून सांगितलं होतं. अंगातलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पळायची किंवा झुंजायची तयारी होते वगैरे. माझं चुकलंच. त्यानंतर ते स्वतःच्या मनचं काहीही माझ्या नावावर खपवायला लागले. मॅचच्या आदल्या दिवशी वांग्याचं भरीत खायचं नाही, मॅडमनी सांगतलं. डाव्या कुशीवर झोपायचं, विज्ञानात लिहेल हाये, मॅडमले विचारा. कोमलच्या घरी तर यावरून वाद झाला. कोमल माझ्या वर्गातली. तिच्या वडिलांचा भाजीपाल्याचा मळा होता आणि त्यात मुख्य पीक वांग्याचं. ते बाजारात मला गाठून म्हणाले, "मॅडम, आमच्या वांग्यानं काय घोडं मारलं तुमचं?" मी सरांवर चिडले तर सर म्हणाले, "तुमचं नाव घेतलं की पोट्टे ऐकतात हो. माह्यं कोन ऐकते?"

कोमल अखंड बोलणारी मुलगी. वर्गात तिला गप्प करता करता माझा घसा बसायचा. तिची पहिली जोड गोदामातल्याच आरती नावाच्या मुलीशी लागली, त्या दिवशी मी गोदामात हजर होते आणि कोमलच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मला वाटलं, सर आता काहीतरी जोरदार भाषण देतील. त्यांनी फक्त दोघींना खाली समोरासमोर बसवलं आणि पट्ट्यांच्या दोन गुंडाळ्या हातात दिल्या. ग्लोव्हच्या आत हाताला जी लांब पट्टी गुंडाळतात, ती. इतर ठिकाणी ती ज्याची त्यानं किंवा त्याच्या सरांनी बांधायची असते. इंगळे सरांच्या गोदामात ती समोरच्यानं बांधायची.

"जिले मारायचं तिचा हात आधी आपल्या हातात घ्या," सर म्हणाले. "आरामानं बांधा. अंगठ्यातून घ्या, मनगटाले तीन वेढे. ढिली बांधसान तं तिचंच मनगट मुरगळीन. आन हात गरम हाये का थंड, ते मले सांगा."

कोमलनं आरतीचा हात मांडीवर घेतला. पट्टी फिरवता फिरवता मान वर न करता म्हणाली, "सर, हिचा हात तं थंडगार हाये."

"हिचा बी!" आरती म्हणाली, आणि दोघी फिदीफिदी हसायला लागल्या.

"मंग झालं तं. करा सुरू."

मला बॉक्सिंग आवडत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. पण त्या दोघी एकमेकींच्या हाताला पट्टी बांधत बसल्या होत्या, ते मला फार आवडलं. घरी जाताना मी हे सरांना सांगितलंही. ते खूश झाले आणि जवळजवळ देवळापर्यंत बोलत राहिले, म्हणजे कंटाळले असावेत.

स्वतःच्या पहिल्या मॅचची गोष्ट ते दर वर्षी नव्या पोरांना सांगायचे. तरुणपणी अकोल्याला गेले होते. मॅचच्या आधी पोटात गोळा आला म्हणून संडासात गेले आणि आतून कडी लावली. बाहेर नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. आत सगळं ऐकू येत होतं. "हात कडीवर हाये माहा, पन कडी काई निंघेच ना. तिसऱ्यांदा पुकारलं आन समोरच्याचा हात वर केला. बुक्की नाही, काही नाही. मी हारलो कोनाशी? कडीशी!" पोरं लोटपोट व्हायची, सर त्यांच्याहून जास्त हसायचे. मग हसू ओसरल्यावर म्हणायचे, "हारून या, रडून या, नाक फोडून या. पन नाव पुकारलं की आत जा. वॉकओव्हर देऊ नका."

गोष्टीचा उरलेला भाग मला, मी संघासोबत पहिल्यांदा बुलडाण्याला गेले तेव्हा कळला. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. नितीनचं नाव पुकारलं, तो रिंगणात चढला, आणि त्याच्या कोपऱ्यात सरांच्या जागी एक जुना विद्यार्थी टॉवेल घेऊन उभा. सर कुठे गेले म्हणून शोधत मी बाहेर आले तर ते नळाखाली पाण्याच्या बाटल्या विसळत होते. स्वच्छ बाटल्या. आणि जांभया देत होते.

"झालं का मॅडम?"

"काय झालं का? आत तुमचा मुलगा खेळतोय!"

"मले नाही पाहता येत," ते म्हणाले. "दुसऱ्या मॅचपासून पाहतो मी. पह्यली नाही."

"म्हणजे आजवर एकाचीही पहिली मॅच पाहिली नाही?"

"एकाची बी नाही. लय ठरवतो, की या खेपेले बसू. पन नाव पुकारलं की माह्ये पायच भायेर येतात." बाटली उपडी करून त्यांनी ती झटकली. "पोट्ट्यायले सांगू नका, मॅडम. त्याइले वाटते, मी मांगून पाहतो."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले होते. त्या दिवशी मला त्यांची फार माया आली. मी दुसरी बाटली घेतली आणि विसळायला लागले.

पुढे सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. त्या वर्षी बाहेर पहिल्यांदा खेळणारी एकटी कोमलच होती. तिच्यानंतर सरांच्या हाताखाली पहिली मॅच खेळणारं कुणी नव्हतं. आणि जुन्या पोरांपैकी कुणीतरी तिच्या कानावर घातलं, की सर पहिल्या मॅचला कधीच कोपऱ्यात नसतात. मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, तुमी कोपऱ्यात बसान तरच मी आत जाईन. नाही तं मी बी कडी लावून बसीन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी नाही अशी मान हलवली. सरांनी जांभई दिली.

"पाहू," ते म्हणाले.

"पाहू नाही सर. हाव म्हना."

"बरं. हाव."

पोरगी शब्दाला पक्की होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सर बाहेर गेले असते तर ती आत गेली नसती. शेवटच्या वर्षी, शेवटच्या पोरीचा वॉकओव्हर. त्यानंतरचे दिवस सर जांभया देतच फिरत होते. एकदा मला म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी माह्या शर्टाले धरून ठेवसान का?" मी हो म्हटलं. ते हसले नाहीत.

बुलडाण्याला जाताना मेहकरपासून चिखलीपर्यंत त्यांच्या जांभया मोजायच्या पलीकडे गेल्या. कंडक्टर म्हणाला, "सर, रातभर जागरन होतं का?" कोमल खिडकीशी गप्प बसली होती. बुलडाण्याला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता आणि दोघांच्याही तोंडावर रंग नव्हता. मुलीला धीर द्यावा की सरांना, मला कळेना. शेवटी दोघांना चहा पाजला.

कोमलच्या आधी एक मॅच उरली होती. मी सरांच्या शर्टावर नजर ठेवून होते, तेवढ्यात लक्षात आलं की कोमल जागेवर नाही. मी धावत मुलींच्या संडासाकडे गेले, सगळी दारं वाजवली. आत नव्हती. परत आले तर हॉलच्या पलीकडच्या बाजूला आरडाओरडा चाललेला. लाल कोपऱ्याच्या बाजूला, जिच्याशी खेळायचं त्या देऊळघाटच्या मुलीसमोर, आमची कोमल मांडी घालून बसली होती. मांडीवर पट्टीची गुंडाळी. त्या मुलीचे सर तिच्या अंगावर ओरडत होते.

"ए पोरी, कोनं पाठोलं तुले इकडं? तिचा हात दुखते का ते पाहाले आली का?"

"नाही सर, पट्टी बांधाले आली," कोमल म्हणाली. "पह्यली मॅच हाये ना."

"मंग तिची पट्टी तू काऊन बांधतं?"

"मंग कोन बांधीन?" कोमल खरोखरच चक्रावली होती. सगळ्या जगात हे असंच असतं, अशीच तिची समजूत होती.

बिल्ला लावलेले एक पंच आले. समोरचे सर म्हणाले, हा डाव आहे, हिला बाद करा. पंचांनी विचारलं, "हिचे प्रशिक्षक कोण? कुठे आहेत?"

मी वळून पाहिलं. इंगळे सर दारापाशी पोचले होते. एक चप्पल उंबऱ्याच्या बाहेर. शर्ट धरायला मी जवळ नव्हते. ते बाहेरच्या नळाकडे बघत होते. पंचांनी पुन्हा मोठ्यानं विचारलं, "डोणगावचे प्रशिक्षक आहेत की नाहीत?"

सर उभे राहिले तसेच राहिले. मग वळले आणि सगळा हॉल ओलांडून आले. कपाळावरचं तेल आणि घाम एक झाला होता.

"साहेब, चूक माही हाये," ते म्हणाले. "माह्या गोदामात असंच बांधतात. हे सगळीकडं नसते, हे मी लेकराले सांगतलंच नाही. ध्यानातच नाही आलं कधी. तिले बाद करू नका, मले काय बोलायचं ते बोला."

आजूबाजूचे हसले. समोरचे सर काही ऐकायला तयार नव्हते. तेवढ्यात ती देऊळघाटची मुलगी, आतापर्यंत खाली मान घालून बसलेली, आपल्या सरांना म्हणाली, "बांधू द्या ना सर तिले. माह्याच्यानं जमूनच नाही राह्यलं. हात लय कापून राह्यला."

पंचांनी घड्याळ पाहिलं. "बांधा मग. पण दोन्ही प्रशिक्षकांसमोर. आणि मॅच संपेपर्यंत दोघांपैकी कोणी आपला कोपरा सोडायचा नाही."

आता सरांना कुठे जायची सोयच उरली नाही. कोमलनं तिला पट्टी बांधली, तिनं कोमलला बांधली. सवयीनं सरांच्या तोंडून गेलंच, "कसा हाये हात?"

"बरफ," कोमल म्हणाली.

"हिचा बी," ती मुलगी म्हणाली. आणि हसल्या की दोघी!

नाव पुकारलं. कोमल दोराखालून आत गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं. सर निळ्या कोपऱ्यात होते. त्यांनी दोन्ही हातांनी रिंगणाची कड घट्ट धरली होती, जणू ती सोडली तर पाय पुन्हा दाराकडे निघतील. मी शेजारी टॉवेल घेऊन उभी. घंटा झाली.

खेळाबद्दल मला विचारू नका. पहिला ठोसा बसला तसे मी डोळे मिटले. सरांचा आवाज तेवढा कानावर येत होता. "पाय चालून राह्यले तिचे. मॅडम, चालून राह्यले ना?" मी डोळे मिटूनच "हो, हो" म्हणत होते. राउंड संपला की कोमल कोपऱ्यात यायची, सर तिला पाणी द्यायचे, काहीबाही सांगायचे आणि ती मान डोलवायची. तिचं नाक लाल झालं होतं. तिसऱ्या राउंडला मी डोळे उघडले, तर सर खाली वाकून तिच्या पावलांकडे टक लावून बघत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण पापणी लवत नव्हती.

शेवटची घंटा झाली. पंचांनी दोघींचे हात धरले आणि एकीचा वर केला. टाळ्या झाल्या.

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "कोन जितलं? मी पायच पाहत होतो."

"ती. देऊळघाटची."

"म्हंजे आपली हारली?"

"हो सर, हरली."

"हारली!" सर ओरडले. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी खांद्याला धरून हलवलं. "आमची पोट्टी हारली! तीनही राउंड खेळून हारली!" त्या माणसानं घाबरून अभिनंदन केलं. कोमल नाक पुसत खाली उतरली तर सरांनी टॉवेल तिला द्यायच्या ऐवजी स्वतःच्याच तोंडावर धरला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर निवृत्त झाले आणि बीबी गावाला भावाजवळ राहायला गेले. गोदामात आता फक्त सोयाबीन असतं. कोमल पुढे दोन मॅच जिंकली आणि तितक्याच हरली. सरांशी फोनवर बोलणं होतं, भेट मात्र राहून जाते. त्यांना आठवायला बसले की मला बुलडाण्याच्या त्या संध्याकाळचे सर दिसतात. डोणगावला जायची गाडी लागायची वेळ झाली होती. कोमल पिशव्या घेऊन फाटकाशी उभी होती आणि सरांचा पत्ता नव्हता. सवयीनं मी आधी नळापाशी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. हॉलमध्ये गेले. बरीचशी माणसं पांगली होती. रिंगणात दोन बारीक पोरं, कुठल्यातरी दुसऱ्याच तालुक्यांतली, एकमेकांभोवती नुसतीच फिरत होती. एकही मारायला धजत नव्हतं. आणि इंगळे सर अगदी पहिल्या ओळीत, हनुवटीखाली दोन्ही मुठी घेऊन बसले होते.

"सर, चला. गाडी जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा ना मॅडम," ते म्हणाले. "या लेकराची पह्यलीच हाये वाटते. एवढी पाहून घेऊ."